परवानगी असूनही न दिसलेले चित्रपट

२ डिसेंबर १९९८, बुधवार. मुंबईत तेव्हाच्या सीएसटी (आताच्या सीएसएमटी) स्थानकाजवळचे न्यू एम्पायर आणि गोरेगावचे सिनेमॅक्स या दोन चित्रपटगृहांवर शिवसेनेच्या महिला आघाडीचा मोर्चा चालून गेला. गोरेगावला दोनशेहून अधिक जण होते. काचा फोडल्या गेल्या, पोस्टर जाळली गेली, आत बसलेल्या प्रेक्षकांना बाहेर काढून तिकिटाचे पैसे परत करायला व्यवस्थापकांना भाग पाडण्यात आले. पडद्यावर दीपा मेहता यांचा ‘फायर’ चालू होता. १३ नोव्हेंबरला प्रदर्शित झालेला हा चित्रपट जवळजवळ तीन आठवडे मोठ्या शहरांत भरल्या थिएटरात चालला होता आणि तोवर कुठेही काच फुटलेली नव्हती.

‘फायर’ १९९६ साली तयार झाला. दिल्लीतल्या मध्यमवर्गीय एकत्र कुटुंबातल्या दोन जावांची ती गोष्ट आहे. थोरल्या राधाचा नवरा ब्रह्मचर्याच्या व्रतात गुंतलेला आहे, धाकट्या सीतेचा नवरा बाहेरच्या प्रेमात. स्वयंपाकघर, गच्ची आणि सासूची खोली एवढ्या जागेत या दोघी एकमेकींच्या जवळ येतात आणि शेवटी घर सोडतात. राधाची भूमिका शबाना आझमी यांची, सीतेची नंदिता दास यांची. इस्मत चुगताई यांच्या ‘लिहाफ’ या १९४२ सालच्या उर्दू कथेशी चित्रपटाचे नाते जोडले जाते. त्या कथेवरही लाहोरात अश्लीलतेचा खटला झाला होता. १९९८ मध्ये चित्रपट परीक्षण मंडळाने (सेन्सॉर बोर्डाने) चित्रपटाला एकही काट न लावता प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले. हिंदी आवृत्तीत सीतेची नीता झाली, एवढाच काय तो बदल.

समलिंगी आकर्षण मराठी रंगभूमीला किंवा पडद्याला तोवर अपरिचित होते असे नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आले. त्यातल्या सुमित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. पुढच्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’त महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांमधले आकर्षण येते. स्मिता पाटील यांचा हा चित्रपट गावोगावच्या प्रेक्षकांनी पाहिला आणि तो आजही मानाने आठवला जातो. फरक कुठे होता हे यावरून दिसते. ‘उंबरठा’तल्या त्या दोघी कुटुंबातून बाहेर फेकल्या गेलेल्या आणि आश्रमाच्या भिंतीआड राहणाऱ्या होत्या. ‘फायर’मधल्या दोघी कुंकू लावणाऱ्या, करवा चौथचा उपवास धरणाऱ्या घरातल्या सुना होत्या आणि त्यांची मूळ नावे राधा आणि सीता होती. आंदोलकांचा मुख्य आक्षेपही नावांवरच होता. पात्रांची नावे बदलून मुस्लिम ठेवली तर विरोध मागे घेऊ, असे बाळासाहेब ठाकरे यांनी १४ डिसेंबरला सांगितले.

मुंबईनंतर लोण झपाट्याने पसरले. ३ डिसेंबरला दिल्लीच्या रीगलवर आणि सुरतच्या राजपॅलेस व राजमहल या चित्रपटगृहांवर हल्ले झाले. सुरतेत त्याच दिवशी खेळ थांबले. पुण्यातल्या चित्रपटगृहांनीही त्याच दिवशी खेळ बंद केले. हल्ल्यांइतकीच ही स्वतःहून केलेली माघारही महत्त्वाची आहे, पण तिची नोंद फारशी घेतली जात नाही. कोलकात्यात मात्र वेगळे घडले. तिथे खेळ बंद पाडायला आलेल्यांना डोअरकीपर आणि प्रेक्षक यांनी मिळून परतवले आणि चित्रपट चालू राहिला.

महाराष्ट्रात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. मुंबईत २९ जणांना अटक झाली, पण मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी आंदोलकांचे जाहीर अभिनंदन केले आणि चित्रपटाचा विषय आपल्या संस्कृतीला परका असल्याचे म्हटले. ४ डिसेंबरला ‘फायर’ पुन्हा परीक्षण मंडळाकडे पाठवण्यात आला. एकदा प्रमाणपत्र मिळालेल्या, तीन आठवडे चाललेल्या चित्रपटाला पुन्हा परीक्षेला बसवणे म्हणजे फोडलेल्या काचांना मुदतीनंतरचा आक्षेपअर्ज मानण्यासारखे होते.

चित्रपटगृह इतक्या लवकर का झुकते, याचे उत्तर त्या धंद्यातच आहे. प्रदर्शनाची साखळी निर्माता, वितरक आणि थिएटरवाला अशी असते. त्या काळी हिंदी चित्रपटांचा देश ‘टेरिटरीं’मध्ये वाटलेला होता. मुंबई टेरिटरीत मुंबई-ठाण्याबरोबर गुजरात आणि कर्नाटकाचा काही भागही येई. रिळांचे डबे पेटीतून एका गावाहून दुसऱ्या गावी जात. छोट्या चित्रपटाच्या प्रती मोजक्याच निघत आणि त्या आधी महानगरांतल्या मोठ्या थिएटरांत लागत. वाद झाला की नुकसान शेवटच्या कडीचे होई. फुटलेली काच, फाटलेल्या खुर्च्या, परत केलेल्या तिकिटांचे पैसे हे सगळे थिएटरवाल्याच्या खिशातून जाई. चित्रपट एका आठवड्याचा, इमारत मात्र कायमची. शिवाय थिएटरचा परवाना जिल्हा प्रशासन किंवा पोलीस आयुक्तालय देते, आणि बंदोबस्तही त्यांच्याकडेच मागावा लागतो. चित्रपटाच्या बाजूने उभे राहण्यात त्याला मिळायचे थोडे आणि गमवायचे बरेच, असा हा हिशेब आहे.

मुंबईहून कल्याणमार्गे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हा हिशेब आणखी कडक होता. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ शिलाहारकालीन शिवमंदिराचे आणि पुढे आयुधनिर्माणी व काडेपेटीच्या कारखान्याचे गाव. बदलापूर त्याच लोहमार्गावर पुढे, सीएसटीपासून ६८ किलोमीटरवर. उल्हासनगरात एकपडदा चित्रपटगृहांवरून चौक ओळखले जातात. श्रीराम टॉकीज आणि व्हीनस या नावांनी रिक्षावाल्याला पत्ता सांगता येतो. अशा गावातल्या थिएटरात मालकाला सगळे ओळखतात आणि मालकही सगळ्यांना. समोरच्या दुकानातून, शाखेतून, वर्गणीच्या पावतीतून रोजचे संबंध असतात. इथे मोर्चा निघण्याचीही गरज पडत नाही. पुढच्या शुक्रवारी कोणता चित्रपट लावायचा हे ठरवताना वादाचा चित्रपट आपसूकच बाजूला राहतो. त्याचे पोस्टर कधी लागतच नाही, म्हणून ते फाडलेही जात नाही. ‘फायर’सारखा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचा तर या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला लोकल पकडून सीएसटी गाठणे हीच सोपी वाट होती. २ डिसेंबरनंतर तीही बंद झाली.

प्रतिकार कोर्टात आणि रस्त्यावर असा दोन्हीकडे झाला. ५ डिसेंबरला दीपा मेहता, दिलीपकुमार, महेश भट्ट आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात १७ पानी याचिका दाखल केली. तिच्यात चित्रपट विनाअडथळा दाखवता यावा यासाठी संरक्षण आणि सुरक्षिततेची हमी मागितली होती. १२ डिसेंबरला सुमारे ६० शिवसैनिक दिलीपकुमार यांच्या घरासमोर चड्डीवर बसले. २२ जणांना अटक झाली आणि दिलीपकुमारांना पोलीस संरक्षण द्यावे लागले. त्याआधी ७ डिसेंबरला दिल्लीत ३२ संघटनांचे कार्यकर्ते मेणबत्त्या घेऊन उभे राहिले होते. त्या गर्दीत काही स्त्रियांच्या हातात आपण भारतीय आहोत आणि लेस्बियनही आहोत असे सांगणारे फलक होते. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या घोषणांत तो शब्द बाजूला पडू नये म्हणून त्या आल्या होत्या, आणि त्या वादातून दिल्लीत लेस्बियन हक्कांची मोहीम उभी राहिली. मुंबईत हे काम आधीच सुरू झाले होते. ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक १९९० पासून निघत होते, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट आणि १९९५ मध्ये स्त्री संगम या संघटना स्थापन झाल्या होत्या. पण घराघरांतल्या वर्तमानपत्रांत हा विषय पहिल्या पानावर आला तो फुटलेल्या काचांमुळे.

कायद्याचे म्हणणे तेव्हाही स्पष्ट होते. १९८९ मध्ये एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात, एका तमिळ चित्रपटाच्या निमित्ताने, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबता येणार नाही. सुव्यवस्था राखणे हे सरकारचे काम आहे आणि ते जमत नाही ही सबब चालणार नाही. निकाल मैलाचा दगड ठरला, पण तो सरकारला बांधतो. घाबरलेल्या थिएटरमालकाने चित्रपट लावलाच पाहिजे असे तो सांगत नाही, आणि सांगू शकणारही नाही. ही फट तेव्हा होती आणि अजूनही आहे.

१२ फेब्रुवारी १९९९ रोजी परीक्षण मंडळाने ‘फायर’ पुन्हा एकही काट न सुचवता मंजूर केला. मंडळाच्या अध्यक्षपदी तेव्हा आशा पारेख होत्या. महिनाअखेरीस खेळ पुन्हा सुरू झाले आणि या वेळी काही घडले नाही. मधले जवळजवळ तीन महिने मात्र परत मिळाले नाहीत. चित्रपटाची कमाई पहिल्या काही आठवड्यांत होते. बंद पडलेला चित्रपट पुन्हा लावला तरी त्याचे प्रेक्षक विखुरलेले असतात.

यानंतरचा हल्ला जून २००४ मध्ये करण राझदान यांच्या ‘गर्लफ्रेंड’वर झाला. मुंबईत पुन्हा निदर्शने, पुन्हा पोस्टर फाडणे. या वेळी समलिंगी स्त्रियांच्या संघटनांनीही चित्रपटावर टीका केली, कारण त्यात अशी स्त्री विकृत आणि खुनशी रंगवली होती. चित्रपट वाईट आहे म्हणणे वेगळे आणि तो बंद पाडणे वेगळे, हे त्यांना एकाच वेळी सांगावे लागले.

पुढचा प्रसंग महाराष्ट्राबाहेर घडला, पण त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी माणूस होता. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळचे नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या आधुनिक भारतीय भाषा विभागात ते मराठी शिकवत आणि त्या विभागाचे प्रमुख होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहाला २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेऊन काही जण त्यांच्या विद्यापीठाच्या निवासस्थानात घुसले आणि एका पुरुषासोबतचे त्यांचे खासगी क्षण चित्रित केले. घुसणाऱ्यांऐवजी निलंबन सिरसांचे झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्ये प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले होते, त्याला वर्षही झाले नव्हते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला सिरस यांच्या बाजूने निर्णय दिला. ७ एप्रिलला ते आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले.

हन्सल मेहता यांनी त्यांच्यावर ‘अलीगढ’ केला. अपूर्व असरानी यांची पटकथा, सिरसांच्या भूमिकेत मनोज बाजपेयी. एकट्या खोलीत पेला हातात घेऊन लता मंगेशकरांची गाणी ऐकणारा मराठीचा प्राध्यापक असे त्यांचे रूप प्रेक्षकांच्या लक्षात राहिले. हा चित्रपट २०१५ च्या मुंबई चित्रपट महोत्सवाचा उद्घाटनाचा चित्रपट होता आणि २६ फेब्रुवारी २०१६ ला देशभर लागला. ज्या शहराचे नाव त्याला होते त्या अलीगढमध्ये मात्र तो थिएटरात दाखवला गेला नाही. शहराची बदनामी होते असा आक्षेप एका स्थानिक संघटनेने घेतला, महापौर शकुंतला भारती यांनी त्याला पाठिंबा दिला आणि थिएटरांनी चित्रपट लावला नाही. १९९८ मध्ये आक्षेप देवतांच्या नावांवर होता, इथे गावाच्या नावावर. तोवर कायदाही उलटला होता. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल रद्द करून समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पूर्ववत केले होते. प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरते ते अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी मोडीत निघाले.

त्यानंतर ‘एक लडकी को देखा तो ऐसा लगा’ आणि ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ यांसारखे मोठ्या कलाकारांचे हिंदी चित्रपट महाराष्ट्रभर लागले. मराठीत जानेवारी २०२५ मध्ये रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या यांची ही गोष्ट आहे. आनंदच्या आईला मुलाचे मन ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूने उभी आहे. १९ सप्टेंबर २०२५ ला चित्रपट भारतात प्रदर्शित झाला.

आता अशा चित्रपटाचे भवितव्य मल्टिप्लेक्सच्या वेळापत्रकात ठरते. पेटी राहिली नाही, चित्रपट संगणकावर उतरवला जातो आणि प्रतींची टंचाई संपली. टंचाई उरली ती पडद्यांची आणि वेळेची. त्याच शुक्रवारी मोठा हिंदी चित्रपट असेल तर छोट्या मराठी चित्रपटाच्या वाट्याला दिवसाचा एखादा खेळ येतो, तोही पुष्कळदा दुपारचा. कारखान्यात किंवा मुंबईतल्या कचेरीत कामाला जाणारा बदलापूरचा माणूस त्या वेळी घरी नसतो. पहिल्या तीन दिवसांत तिकिटे खपली नाहीत की पुढच्या आठवड्यात तो खेळही जातो. १९९८ मध्ये ज्यांच्यावर हल्ले झाले त्या थिएटरांपैकी न्यू एम्पायरचा पडदा २०१४ मध्ये तोट्यामुळे बंद झाला, दिल्लीच्या रीगलचा २०१७ मध्ये.