टोपीवरचा तुरा

वन्य जीवांचा चोरटा व्यापार म्हटला म्हणजे आपल्याला वाघाचे कातडे नाही तर हस्तिदंत आठवतो. मला मात्र आज साध्या बगळ्याविषयी बोलावयाचे आहे. विणीच्या दिवसांत या पक्ष्याच्या पाठीवर तलम, जाळीदार पिसे फुटतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन-पॅरिसच्या स्त्रियांच्या टोप्यांवर ती मिरवू लागली. पिसे नेमकी त्याच दिवसांत मिळत असल्यामुळे गोळी लागे ती पिलांच्या आईबापांना; घरट्यात पिले उपाशी मरत.

आपल्याकडे १८८७ चा पक्षिरक्षणाचा कायदा होता. पण त्याची धाव म्युनिसिपालिट्या व छावण्या यांच्या हद्दीपुरती. गावकुसाबाहेरच्या पाणथळीत राहणाऱ्या बगळ्याला त्याचा काय उपयोग? १९०२ साली सरकारने निराळी वाट धरली. १८७८ च्या सागरी जकात कायद्याचा आधार घेऊन रानपक्ष्यांची कातडी व पिसे परदेशी धाडण्यास बंदी केली. शहामृगाची पिसे आणि शास्त्रीय नमुने एवढाच अपवाद. यातील व्यवहारी शहाणपण ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रत्येक तळ्यावर शिपाई उभा करता येत नाही. पण माल अखेर बंदरातूनच जावयाचा.

तथापि बंदराला दोन टोके असतात. मुंबईत गुन्हा ठरणारा माल लंडनला उतरला की राजरोस लिलावात उभा राही. विकत घेणाऱ्याला कोण विचारणार? १९०८ साली लॉर्ड एव्हबरी यांचे विधेयक उमरावांच्या सभेत संमत झाले आणि कॉमन्समध्ये अडले. आयातबंदी झाली ती १९२१ साली. म्हणजे साम्राज्य एकच, पण दोन बंदरांच्या कायद्यांत १९ वर्षांचे अंतर! आणि तेव्हाही पिसे विकण्यास वा मिरवण्यास मनाई नव्हतीच.

दोन्ही टोके एकदम बांधण्याचा उद्योग १९७३ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कराराने केला. भारताने तो १९७६ साली मान्य केला. आपल्या १९७२ च्या कायद्यात वनस्पती आल्या त्या १९९१ च्या दुरुस्तीने. कोष्ठ व घटपर्णी त्यांतल्याच. कराराच्या याद्यांना त्या कायद्यात स्वतंत्र प्रकरण मिळण्यास मात्र २०२२ साल उजाडले. तोवर परदेशातून चोरून आणलेला पोपट जकातीच्या नाक्यातून एकदा निसटला, की आपल्या बाजारात त्याला १९७२ चा कायदा बहुधा लागूच पडत नसे.