सड्यावरची चित्रे

रत्नागिरी-राजापूरच्या बाजूस कधी सड्यावर चढलात, तर पायांखाली बघून चाला. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे माळरान. पावसाळ्यात गवत आणि रानफुले, एरवी नुसता तापलेला काळा कातळ. तेथे काय बघायचे, असे तुम्ही म्हणाल. पण याच कातळात कोणी तरी हत्ती, मासे, माणसे कोरून ठेवली आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब!

गंमत अशी, की त्याच्या अंगावर उभे राहिलात तरी तो दिसायचा नाही. खोबणी मातीने बुजलेल्या असतात. उन्हे कलली म्हणजे खोबणीत सावली धरते आणि रेघ उठून दिसते. मग केरसुणीने माती झाडायची, दोरी धरून मापे घ्यायची, चित्र कागदावर उतरवायचे. खरा शोध मात्र त्याआधी, गुराख्यांशी गप्पा मारताना लागतो. त्यांना ही चित्रे ठाऊकच होती; विचारायला कोणी गेले नव्हते, इतकेच.

ही किती जुनी? दगडाचे वय काढता येते, रेघेचे काढणे अवघड. पण चित्रे थोडे बोलतात. त्यांत गेंडा आहे, पाणघोडा आहे. आज हे प्राणी कोकणात औषधालाही सापडायचे नाहीत. पाकट आहे, मुशी आहे. नांगर मात्र नाही, पेरणी नाही. म्हणून शेतीपूर्वीच्या, शिकारीवर जगणाऱ्या माणसांचे हे काम असावे, असे अभ्यासक म्हणतात. मला ते पटते. हजारो वर्षांचे नेमके आकडे कोणी सांगू लागला, तर मात्र जरा सावधपणे ऐकावे.

२०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत यांतली नऊ ठिकाणे गेली. आठ महाराष्ट्रातली, नववे गोव्यात कुशावतीच्या काठचे. बाकीच्यांचे काय? जांभा म्हणजेच घरबांधणीचा चिरा. चिरेखाणीचे यंत्र सड्यावर आले, की ते दगड आणि चित्र वेगळे ओळखत नाही. कलमांच्या बागेसाठी कातळ फोडतात, रस्ता नेतात. यात मालकाला दोष देऊन भागत नाही. जमीन त्याची, पोटही त्याचेच. उक्षीला हत्तीभोवती गडगा घालून वरून पाहण्याची सोय केली आहे. तसे इतरत्र व्हायला आधी चित्र कोठे आहे, याची नोंद हवी.

तेव्हा तुमच्या गावच्या सड्यावर खाण निघायची असेल, तर आधी एक संध्याकाळ फिरून या. रेघ दिसली तर फोटोसाठी तीत चुना भरू नका. जागेची खूण लिहून घ्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.