नमस्काराचा अधिकार

दोन परिचित माणसे रस्त्यात भेटतात, हात जुळतात आणि ‘नमस्कार’ हा शब्द सहज उच्चारला जातो. तो इतका अंगवळणी पडला आहे की, कोणे एके काळी हा शब्द कोणी उच्चारावा व कोणी उच्चारू नये याबद्दल सरकारी हुकूम निघाला होता, असे सांगितले तर नवल वाटेल. पण तसा हुकूम खरोखरीच निघाला होता. ९ ऑगस्ट १७७९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई येथील कौन्सिलाने सोनार समाजास ‘नमस्कार’ हा अभिवादनाचा प्रकार वापरण्याची मनाई केली. नमस्कार हा ब्राह्मणांचा विशेष समजला जात असे, आणि दैवज्ञ सोनारांनी त्यावर हक्क सांगताच पुण्यात त्यास कडवा विरोध झाला होता. त्या वादाची झळ मुंबईस पोहोचली आणि सातासमुद्रांपलीकडून व्यापारास आलेल्या परकीयांनी मराठी माणसाच्या जिभेवरील एका शब्दाचा निवाडा केला.

एका शब्दावरून एवढा कलह का व्हावा? कारण त्या काळी अभिवादन म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हता. ती समाजातील स्थानाची खूण होती. दोघे कोणत्या शब्दाने भेटले यावरून त्यांची जात, पद आणि परस्परसंबंध ऐकणाऱ्यास तत्काळ कळत. ब्राह्मणांचा आपसांत नमस्कार, इतरांचा रामराम, ब्राह्मणासमोर दंडवत, दरबारात मुजरा, मुसलमान अंमलदारास सलाम आणि गावकुसाबाहेरील महाराच्या तोंडी जोहार, अशी ही उतरंड होती. शब्द बदलणे म्हणजे पायरी बदलणे होय, हे सोनारांना जसे ठाऊक होते, तसेच त्यांना विरोध करणाऱ्यांनाही ठाऊक होते.

हीच उतरंड पत्रांतूनही दिसते. पत्रलेखनाचे संकेत सांगणारा ‘मेस्तक’ हा प्रकार परंपरा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, याच्या नावावर घालते. पुढे मराठेशाहीच्या मोडी पत्रव्यवहारात मायन्याचे एक स्वतंत्र शास्त्रच बनले. ‘राजमान्य राजश्री’, ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’, ‘वेदशास्त्रसंपन्न’, ‘तीर्थस्वरूप’, ‘चिरंजीव’ यांपैकी कोणते विशेषण कोणास लावावे, हे कारकुनास बिनचूक माहीत असावे लागे. ब्राह्मण पेशव्याने मराठा सरदारास आशीर्वाद लिहावा, सरदाराने ब्राह्मणास दंडवत लिहावे, असा परिपाठ होता. ज्यांच्या फौजेपुढे उत्तर हिंदुस्थान नमला आणि दिल्लीच्या बादशहाचा कारभार ज्यांच्या हाती आला, ते महादजी शिंदेही नाना फडणिसांस लिहिताना ‘दंडवत’च लिहीत. तलवारीने मिळवलेले सामर्थ्य मायन्याची ओळ बदलू शकत नव्हते.

स्त्रीच्या नावामागील विशेषण तर याहूनही बोलके होते. पती हयात असेल तर ‘सौभाग्यवती’, नसेल तर ‘गंगाभागीरथी’. पत्र फोडण्यापूर्वीच, नुसत्या पत्त्यावरून, तिचे वैधव्य टपाल आणणाऱ्यासही कळे. पुरुषाच्या ‘रा. रा.’ मधून मात्र त्याची पत्नी जिवंत आहे की नाही, याचा बोध कधीच होत नसे. सौभाग्याची अट नसलेले ‘श्रीमती’ रूढ होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

या उतरंडीस छेद देणारे प्रवाहही याच भूमीत वाहत होते. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात ‘दंडवत प्रणाम’ हे अनुयायांचे आपसांतील अभिवादन झाले. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांस ‘माउली’ म्हणतात आणि परस्परांच्या पाया पडतात. तेथे कोणी आधी वाकावे हा प्रश्नच उरत नाही. चोखामेळा व एकनाथ यांनी ‘जोहार’ हा रचनाप्रकारच हाताळला आणि गावच्या पाटलापुढे नमून उच्चारला जाणारा शब्द विठ्ठलाच्या दरबारी नेला. पण वाळवंटातील समता वेशीच्या आत सहसा आली नाही. यात्रा संपली की, गावात पुन्हा ज्याचा त्याचा शब्द ज्याच्या त्याच्या वाट्यास येई.

म्हणूनच विसाव्या शतकात डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने माणुसकीचे हक्क मागितले, तेव्हा जोहारही टाकला गेला. त्याच्या जागी ‘जय भीम’ आला. तो रूढ करण्याचे श्रेय नागपूरजवळील कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास (१९०४–१९३९) यांना दिले जाते. जोहारात बोलणाऱ्याची मान खाली जात असे. ‘जय भीम’ म्हणताना ती वर झाली. शिवाय हा शब्द दोघांचाही सारखाच: एकाने म्हणावा, दुसऱ्याने तोच परत करावा.

नमस्कारही याच वाटेने सर्वांचा झाला. त्याकरिता नवा हुकूम निघाला नाही. शाळा, छापखाना, सार्वजनिक सभा आणि आगगाडीचा डबा यांनी अनोळखी माणसांना शेजारी बसवले, आणि ज्याची जात ठाऊक नाही त्यासही अभिवादन करता येईल, अशा शब्दाची गरज निर्माण झाली. नभोवाणीने तर ही गरज पूर्णत्वास नेली. ध्वनिक्षेपकापुढे बसलेल्या निवेदकास श्रोता दिसत नाही. तो बडोद्याच्या वाड्यात आहे की बेळगावच्या चाळीत, त्याचे नाव काय, कूळ काय, हे त्यास ठाऊक नसते. तरीही पहिला शब्द उच्चारावाच लागतो, आणि तो शब्द ‘नमस्कार’ असतो. १७७९ साली ज्या शब्दाभोवती कुंपण घातले गेले, तोच शब्द आज न पाहिलेल्या माणसासही पोहोचतो.