बीड : बलाखालील वर्तन

बीड हा लोखंडाचा साच्यात ओतून आकार देण्याजोगा प्रकार. त्यात साधारण 2.5 ते 4% कार्बन व 1 ते 3% सिलिकॉन असते. दाब उत्तम सोसणारे, पण ताणाखाली फारसे न वाढता मोडणारे, असे हे ठिसूळ द्रव्य आहे. कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर आणि शहराभोवतीच्या शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्यांत इंजिनांचे, पंपांचे व वाहनांचे असंख्य भाग बिडाचेच ओतले जातात. ही नोंद मुख्यतः करड्या बिडाविषयी आहे.

वर्तनाचे मूळ ग्रॅफाइटात आहे. ओतीव थंड होताना बराचसा कार्बन पातळ पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. दाबाखाली पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंचा धातू एकमेकाला भिडतो आणि भार पलीकडे पोचतो. ताणाखाली मात्र हेच पापुद्रे आयत्या भेगांसारखे वागतात व त्यांच्या टोकांशी प्रतिबल एकवटते. त्यामुळे बिडाचे दाबबल ताणबलाच्या तिप्पट-चौपट असते, आणि ताणात तुटेपर्यंत त्याची लांबी 1% सुद्धा वाढत नाही. सौम्य पोलाद तुटण्यापूर्वी 20% हून अधिक लांबते, म्हणजे आधी इशारा देते. बीड तो देत नाही. प्रतिबल-विकृतीचा आलेखही सुरुवातीपासून किंचित वाकडा जातो, म्हणून यंग गुणांकाचा एकच आकडा सांगता येत नाही. बिडाच्या प्रतीप्रमाणे तो सुमारे 70 ते 140 गिगापास्कल भरतो. पोलादाचा सुमारे 200.

भारतीय मानक 210 मध्ये बिडाच्या प्रती ताणबलावरून ठरतात. एफजी 260 याचा अर्थ, वेगळ्या ओतलेल्या चाचणीकांडीने दर चौरस मिलिमीटरला किमान 260 न्यूटन ताण सोसायला हवा. हा आकडा कांडीचा आहे. ओतिवाचा जाड भाग सावकाश निवतो, त्यातील ग्रॅफाइट भरड होते आणि बळ घटते. फार पातळ कड झटकन निवून पांढरी व कठीण पडते, मग तिच्यावर हत्यार चालत नाही. ड्रॉइंगवर नुसती प्रत लिहून आराखडाकाराचे काम संपत नाही, ते यामुळेच.

साखर कारखान्यातील मिलचा रोलर हे कोल्हापूरच्या पट्ट्यातले सर्वांत बोलके उदाहरण. घडीव पोलादी शाफ्टवर बिडाचे जाड कवच तापवून चढवतात आणि ते निवताना शाफ्टला आवळून बसते. कवचासाठी भरड कणांचे बीड मुद्दाम निवडतात, कारण त्याचा खरबरीत पृष्ठभाग ऊस पकडतो. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो तीच ही युक्ती, फरक इतकाच की धावेचे लोखंड ताण सोसणारे असते आणि इथे आवळण्याचे काम नेमके ताण न मानवणाऱ्या द्रव्याकडे येते. समजा, आवळ व्यासाच्या हजाराव्या भागाइतका ठेवला आणि गुणांक 100 गिगापास्कल धरला. शाफ्ट मुळीच दबला नाही असे मानल्यास कवचात दर चौरस मिलिमीटरला 100 न्यूटनपर्यंत परिघी ताण येतो. एफजी 200 प्रतीच्या बिडाची निम्मी ताकद ऊस आत येण्याआधीच खर्ची पडली! प्रत्यक्षात शाफ्टही थोडा दबतो, म्हणून ताण याहून कमी असतो. आवळ कमी ठेवला तर कवच शाफ्टवर फिरते. वाढवला तर कवचावरील खाचांच्या तळाशी तडा जाण्याचा धोका.

बाहेरून बल नसतानाही बिडात प्रतिबल असू शकते. फ्लायव्हीलचे आरे व कडे वेगवेगळ्या वेगाने निवतात. जो भाग शेवटी आकसतो तो ताणात अडकतो. असे ओतीव कधी यंत्रणाच्या वेळी वाकते, कधी नुसते पडून असताना तडकते. उपाय म्हणून 500 ते 600 अंश सेल्सियसला तापवून ते सावकाश निववतात.

बिडाच्या तुळया ताणाच्या बाजूने मोडतात हे ओळखून ईटन हॉजकिन्सन यांनी इंग्लंडमध्ये 1830 च्या सुमारास खालची पट्टी वरच्या पट्टीच्या जवळपास सहापट क्षेत्रफळाची सुचवली. तरी 1847 मध्ये चेस्टरजवळचा डी नदीवरील बिडाच्या तुळयांचा रेल्वेपूल गाडीखाली कोसळला. त्यानंतर रेल्वेपुलांसाठी बिडावरचा विश्वास डळमळला.

1940 च्या दशकाच्या अखेरीस द्रवात मॅग्नेशियम मिसळून ग्रॅफाइटाचे गोळे करण्याची रीत पुढे आली. या गोलकी बिडाला फाउंड्रीत एसजी आयर्न म्हणतात. भेगेला आयते टोक उरत नसल्याने ते ताणात लांबते : एसजी 400/15 मधील 15 हा आकडा किमान टक्के लांबीवाढीचाच. क्रँकशाफ्ट किंवा वाहनांच्या निलंबनाचे भाग अशा, धक्के खाणाऱ्या कामांना ते योग्य. लेथच्या बेडसाठी मात्र करडे बीडच बरे, कारण त्यातील पापुद्रे कंपने शोषून घेतात आणि गोळ्यांना ते तितके साधत नाही.