उषा मेहता आणि काँग्रेस रेडिओ : भूमिगत वृत्तप्रसारणाचे ऐतिहासिक मूल्य

भारतीय स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात डॉ. उषा मेहता (१९२०-२०००) यांचा उल्लेख प्रामुख्याने क्रांतिकारक म्हणून होतो. वृत्तप्रसारक म्हणून त्यांनी केलेले कार्य मात्र दुय्यम ठरते.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला. प्रमुख नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले आणि ऑल इंडिया रेडिओ तर सरकारच्याच हाती होता. अशा परिस्थितीत २२ वर्षांच्या उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्यास डॉ. राममनोहर लोहिया यांचे साहाय्य लाभले. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून प्रक्षेपकाची जागा वारंवार बदलावी लागे.

या केंद्राचे महत्त्व केवळ साहसात नाही. वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूर येथील दडपशाहीच्या वार्ता छापण्यास वृत्तपत्रे धजावत नव्हती. त्या या केंद्राने प्रसारित केल्या. विदर्भातील खेड्यांवर ओढवलेले संकट त्यामुळे राष्ट्रीय वृत्त ठरले.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. येरवडा कारागृहातून १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली. पुढे त्यांनी मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात राज्यशास्त्राचे अध्यापन केले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

हे केंद्र जेमतेम तीन महिने चालले. तथापि, सत्तेने दडवलेले वृत्त जनतेस सांगणे हे वृत्तप्रसारकाचे मूळ कर्तव्य त्याने बजावले. म्हणूनच भारतीय पत्रकारितेच्या इतिहासातही त्यास स्वतंत्र स्थान देणे आवश्यक आहे.