भाड्याची मालमत्ता : क्रांती चौक परिसरातील मालकांच्या अडचणी

भाड्याची मालमत्ता म्हणजे स्वतः न वापरता भाडे मिळवण्यासाठी बाळगलेले घर, सदनिका, खोली किंवा दुकानगाळा. छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौक जालना रस्त्यावर असून पैठण गेटकडून सिल्लेखानामार्गे येणारा रस्ता तेथे मिळतो. चौकाभोवती बँका, कार्यालये व दुकाने, उस्मानपुऱ्याकडे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व तंत्रनिकेतन, तर अदालत रस्त्यावर जिल्हा न्यायालय आहे. त्यामुळे विद्यार्थी, वकील, नोकरदार व व्यापारी असे नाना प्रकारचे भाडेकरू येथे मिळतात. मालकाचा भाडेकरूशी करार बहुधा अकरा महिन्यांचा, बँकेशी पंधरा-वीस वर्षांचा आणि कराचा हिशेब दरवर्षीचा असतो. या मुदतींचा मेळ बसत नाही, हे बहुतेक अडचणींचे मूळ होय.

कायदा व करार : मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद संस्थानाच्या प्रदेशासाठीचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता. तो रद्द करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. जुन्या कुळाचे भाडे या अधिनियमानुसार वर्षाला ४ टक्केच वाढवता येते. बाजारभाव कितीही चढला तरी चौकातल्या जुन्या गाळ्याचे भाडे त्याच गतीने सरकते. म्हणून नवे मालक ‘लीव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे कुळहक्क न देता ठरावीक मुदतीच्या परवान्याचा मार्ग धरतात. करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ताबा : मुदत संपूनही राहत्या जागेचा परवानाधारक हलला नाही, तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जादा राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. कुळाला काढण्यासाठी मात्र दिवाणी दावा लावावा लागतो व तो वर्षानुवर्षे रेंगाळतो. वीजजोडणी मालकाच्या नावावर असते. भाडेकरू महावितरणचे बिल थकवून गेला, तर चावी परत घेताना अनामतीतून आधी ते बिल, मग रंगकाम, मग तुटलेले नळ वजा होतात आणि वाद तेथेच पेटतो.

कर्ज : तरत्या व्याजदराचे गृहकर्ज घेतलेल्या मालकाला दरवाढीची झळ थेट बसते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या सुमारे दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. ४० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला ६.७५ टक्क्यांनी सुमारे ३०,४१५ रुपये हप्ता बसतो. दर ९.२५ टक्के झाल्यास वर्षभर जुन्या झालेल्या कर्जाचा जवळपास सगळा हप्ता व्याजातच जातो. मग मुदत लांबते किंवा हप्ता वाढतो. भाडे मात्र करार संपेपर्यंत वाढवता येत नाही.

कागदपत्रे : शहरात गुंठेवारीतल्या वसाहती बऱ्याच आहेत. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या अशा भूखंडावरील घर नियमित झालेले नसल्यास बँक सहसा तारण घेत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमितीकरणास पात्र ठरली. सिडकोचा भूखंड भाडेपट्ट्याचा असल्यास हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागते.

कर व देखभाल : भाडेउत्पन्नातून मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्या रकमेवर ३० टक्के ठोक वजावट मिळते व कर्जावरील व्याजही वजा होते. मात्र मालमत्ता कर ज्या वर्षी प्रत्यक्ष भरला त्याच वर्षी धरला जातो, थकबाकीचा उपयोग नाही. गृहनिर्माण संस्था भाडेकरू ठेवल्याबद्दल सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. जायकवाडीचे पाणी शहराला रोज मिळत नाही. टँकर मालकाने आणायचा की भाडेकरूने, हे करारात लिहिलेले नसले की उन्हाळ्यात भांडण ठरलेले.

रिकामा काळ : उस्मानपुऱ्यातल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या परीक्षा संपल्या की रिकाम्या होतात आणि नव्या प्रवेशांपर्यंत भाडे थांबते. हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून वळता होतो. म्हणून अशा खोल्यांचा हिशेब बारा महिन्यांचे भाडे धरून केल्यास तो फसतो.