दंड घातलेले लुगडे आणि विलायतेतील दुरुस्तीचे वर्ग

गेल्या वर्षी आपल्या मंडळात बुधवारी दुपारी कपडे-दुरुस्तीचा वर्ग सुरू करावा असे ठरले, तेव्हा मासिक सभेत एका भगिनीने प्रश्न विचारला होता. ‘मंडळाच्या दारावर अशी पाटी लागली तर वस्तीत लोक काय म्हणतील? ह्यांच्याकडे नवे घ्यायला पैसे नाहीत असेच ना?’ प्रश्न सरळ होता आणि विचारणारीच्या मनात काही वाकडे नव्हते. मला त्या दिवशी उत्तर सुचले नाही. वर्गाच्या पहिल्या दिवशी तर तिघीच आल्या, आणि त्यांतल्या एकीने आपले पोलके वर्तमानपत्रात गुंडाळून, ते पिशवीत घालून, ती पिशवी पुन्हा दुसऱ्या पिशवीत घालून आणले होते. जणू चोरीचा माल! ही लाज कोठून येते, आणि जगात दुसऱ्या कोणा बायकांना ती कधी सोडता आली काय, ह्याचा शोध घ्यावा म्हणून मी थोडे वाचन केले. स्मरणिकेच्या निमित्ताने ते तुमच्यापुढे ठेवते.

शोध घेता घेता मी जाऊन पोहोचले ती इंग्लंडात. ज्या देशाच्या गिरण्यांचे कापड एके काळी आपल्या बाजारात ढिगाने येई, त्याच देशात दुसऱ्या महायुद्धात कापडाची एवढी टंचाई झाली की सरकारने बायकांना ठिगळ लावण्याचे धडे दिले. युद्ध सुरू झाले सप्टेंबर १९३९ मध्ये. सैन्याला गणवेश, तंबू, पट्टे सारे हवे. कच्चा माल जहाजांनी येणार आणि जहाजांना पाणबुड्यांचे भय. शिवाय गिरण्यांतले हात दारूगोळ्याच्या कारखान्यांत हवे होते. तेव्हा १ जून १९४१ रोजी, रविवारी सकाळी, व्यापारमंत्री ऑलिव्हर लिटलटन ह्यांनी रेडिओवरून जाहीर केले की आजपासून कपड्यांना रेशन लागू झाले. बातमी आधी फुटून दुकानांवर झुंबड उडू नये म्हणून ती इतकी गुप्त ठेवली होती की कपड्यांची वेगळी कुपनेही छापलेली नव्हती. आरंभी अन्नाच्या रेशनपुस्तकातील मार्गारिनची उरलेली कुपनेच कपड्यांसाठी वापरावी लागली.

माणशी वर्षाला ६६ कुपने. बाईच्या लोकरी कोटाला १४, लोकरी झग्याला ११, ब्लाऊजला ५, बुटांना ५, पायमोज्यांच्या जोडीला २. आपण हिशेबाला बसू. एक कोट, एक झगा, एक ब्लाऊज आणि एक बुटांचा जोड म्हणजे ३५ कुपने झाली. थंडीच्या देशात पायमोज्यांचे सहा जोड तरी हवेत, त्यांची १२. झाली ४७. उरलेल्या १९ कुपनांत वर्षभराचे आतले कपडे, रात्रीचे कपडे, हातमोजे आणि विणायची लोकर बसवायची. शिवाय कुपन म्हणजे पैसे नव्हेत. दुकानदाराला किंमत वेगळी मोजायचीच. पुढे वाटा आणखी घटला. १९४५ च्या सप्टेंबरपासून १९४६ च्या एप्रिलअखेरपर्यंत, म्हणजे युद्ध संपल्यावरही, आठ महिन्यांना अवघी २४ कुपने मिळाली.

अशा वेळी जुने कपडे टिकवणे एवढाच मार्ग राहिला. आहे त्यात भागवा आणि फाटले ते शिवा, अशा अर्थाची घोषणा घेऊन सरकारने मोहीम काढली. १९४३ मध्ये त्याच नावाची एक पुस्तिका निघाली. तिची प्रस्तावना ह्यू डाल्टन ह्या तेव्हाच्या व्यापारमंत्र्यांनी लिहिली. भित्तिचित्रांवर सुईदोरा घेतलेली एक बाहुली झळकू लागली. आणि गावोगावच्या शाळांत, सभागृहांत, बायकांच्या संस्थांत संध्याकाळचे दुरुस्तीचे वर्ग भरू लागले.

ह्या वर्गांत शिकवीत काय, ते पाहिले की आपल्याला आपलेच घर आठवते. पायमोज्याच्या टाचेला भोक पडले तर ते ओढून शिवायचे नाही. आधी उभे धागे भरायचे, मग त्यांतून एक वर एक खाली असे आडवे धागे घेऊन नवे कापडच विणायचे. वळताना प्रत्येक ठिकाणी धाग्याचा थोडा फास सैल सोडायचा, कारण नवी लोकर धुतल्यावर आटते. सदऱ्याची कॉलर घासली तर ती उसवून उलटी करून पुन्हा लावायची. ठिगळाचे कापड आधी धुऊन घ्यायचे, आणि त्याचा उभा-आडवा धागा मूळ कापडाच्या धाग्याशी जुळवायचा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते चुणते. जुना स्वेटर उसवून लोकर गुंडाळायची, धुवायची, तिचा वाकडेपणा काढायचा आणि पुन्हा विणायची. नवरे सैन्यात गेलेले, त्यांचे सूट कपाटात पडलेले. त्यांतून बायकांचे कोट आणि घागरे निघत. दिव्यांचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना लावायचे काळे कापड रेशनबाहेर होते, त्याचेही कपडे झाले.

आणि एक गोष्ट वाचून तर मी थबकले. पलंगाची चादर मध्यभागी विरते, कडा मात्र धडधाकट राहतात. तेव्हा ती मधोमध उभी कापायची, बाहेरच्या दोन्ही कडा आत आणून एकमेकींना जोडायच्या, आणि कापलेल्या विरक्या बाजू बाहेर घेऊन दुमडून शिवायच्या. भगिनींनो, हा आपला दंडच नव्हे काय? आपल्याकडे लुगडे बसण्याच्या जागी विरले की तेवढा भाग काढून धड तुकडे मध्ये शिवणीने जोडत, त्याला दंड घालणे म्हणत. चादरीचा छेद उभा आणि लुगड्याचा आडवा, एवढाच फरक. हजारो मैलांवरच्या दोन बायका, एकमेकींची भाषा न जाणणाऱ्या, पण विरलेल्या कापडापुढे बसल्यावर दोघींची अक्कल एकाच वाटेने चालली.

त्याच वर्षांत आपल्याकडची स्थिती काय होती? आपल्या गिरण्याही सैन्यासाठी कापड काढीत होत्या, बाजारात भाव चढले होते, आणि १९४३ मध्ये सुती कापड व सूत ह्यांच्या नियंत्रणाचा हुकूम निघाला. इथल्या बायकांना दंड कसा घालावा हे शिकवण्यासाठी पुस्तिका काढायची गरज पडली नाही. ज्या घरात गोधडीला घालायला जुनेर जपून ठेवलेले असते, त्या घरात ही विद्या आजीकडून नातीकडे आपोआप जात असे.

इंग्लंडातील मोहीम सगळी गोडच होती असे मात्र समजू नये. कुपने गरीब-श्रीमंत सर्वांना सारखी होती, पण कपाटे सारखी नव्हती. जिच्या कपाटात चांगल्या कापडाचे दहा झगे होते, तिला दुरुस्तीला माल पुष्कळ. जिच्याजवळ दोनच, तेही स्वस्त आणि झिजलेले, तिने ठिगळ लावायचे तरी कशाला? दुसरे असे की मजुरांच्या घरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या रफू आणि ठिगळे करीतच आल्या होत्या. त्यांना सरकारी बाहुलीने सुई कशी धरावी हे सांगावे, ह्याचा कित्येकींना राग आला. तिसरी गोष्ट कष्टांची. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित स्त्रियांनाही युद्धकार्यासाठी बोलावता येऊ लागले. लाखो बायका दिवसभर कारखान्यात उभ्या राहत, अन्नासाठी रांगा लावीत, आणि मग रात्री दिव्याखाली पायमोजे भरीत. ह्या शेवटच्या कामाला मजुरी नव्हती. देशाची काटकसर झाली ती बायकांच्या झोपेतून, असे म्हटले तर चूक होणार नाही.

मग मनापासून चालले ते काय? जिथे शेजारणींनी शेजारणींसाठी काम केले, ते. लेडी रीडिंग ह्यांनी १९३८ मध्ये स्त्रियांची एक स्वयंसेवी संघटना स्थापन केली होती. ह्याच बाईंनी लग्नाआधी काही काळ दिल्लीत व्हाइसरॉयच्या पदरी चिटणिसाचे काम केले होते, एवढा आपल्या देशाशी त्यांचा धागा. त्यांच्या संघटनेने मुलांच्या कपड्यांची अदलाबदल-केंद्रे चालवली. मूल वाढले, कोट आखूड झाला, तर तो धुऊन-शिवून केंद्रावर द्यायचा आणि त्याच्या मोलाचा मोठा कोट घेऊन जायचा. तेथे कोणी कोणाला दान देत नव्हते, म्हणून मान खाली घालायचे कारणच नव्हते. वर्गांतही तसेच. ज्या घरी शिवणयंत्र नाही तिला ते वर्गात वापरायला मिळे. एकीला काज सुरेख जमे, दुसरीला कापणे. आणि बोलता बोलता युद्धाच्या बातम्यांचे ओझे हलके होई.

कपड्यांचे रेशन १५ मार्च १९४९ रोजी उठले. तोवर लोक ह्या काटकसरीला विटले होते. १९४७ मध्ये पॅरिसला ख्रिस्तियां दिओर ह्यांनी वार वार कापड खाणारे घेरदार झगे दाखवले, तेव्हा कापडाला भुकेल्या बायकांची नजर तिकडे वळली ह्यात नवल ते काय! नंतरच्या वर्षांत कपडे स्वस्त होत गेले, आणि सक्तीने आलेली सवय सक्तीबरोबर गेली. घरोघरची रफूची सुई डब्यात पडली. आपल्याकडेही उशिरा का होईना तेच घडले.

त्या स्वस्ताईची किंमत कोठेतरी कोणी मोजत असते, हे २४ एप्रिल २०१३ रोजी जगाला दिसले. बांगला देशात ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. तीत परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. अकराशेहून अधिक माणसे गेली. त्यांत बायकाच बहुसंख्य होत्या. आपण एक सदरा आणखी दोन वर्षे वापरला म्हणून त्या परत येणार नाहीत. पण कपडा कोणाच्या तरी हातांनी शिवलेला असतो, एवढी आठवण ठेवली तर तो सहज टाकवत नाही.

सुई मात्र पुन्हा डब्याबाहेर येऊ लागली आहे. १८ ऑक्टोबर २००९ रोजी मार्टिना पोस्टमा ह्या बाईंनी अ‍ॅम्स्टरडॅम येथे लोकांना बोलावून एक दुरुस्तीची बैठक भरवली. जाणकारांनी मदत करायची, पण आपली वस्तू आपण शेजारी बसून दुरुस्त करून न्यायची. तिचे अनुकरण पुढे अनेक देशांत झाले. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२३ पासून कपडे व जोडे दुरुस्त करून घेणाऱ्याला खर्चात सवलत मिळू लागली. जपानी शेतकऱ्यांच्या घरांतली साशिको ही धावदोऱ्याची शिवण, जी एके काळी जीर्ण कापड बळकट करण्यासाठी होती, ती आता हौसेने शिकली जाते. ठिगळ लपवण्याऐवजी ते उठून दिसेल अशा रंगीत दोऱ्याने घालण्याची ही तऱ्हा आपल्या वर्गातील तरुण मुलींनाही आवडली आहे.

आता थोडे घरचे. १९७४ साली लग्न होऊन मी ह्या घरी आले. पहिल्याच चैत्रातल्या हळदीकुंकवाला सासूबाई दंड घातलेले लुगडे नेसल्या. माझ्या माहेरच्या बायका यायच्या होत्या. मी हळूच म्हटले, ‘आई, दुसरे नेसता का? शिवण दिसते.’ त्या म्हणाल्या, ‘अगं, निऱ्यांत जाते ती. आणि दिसली तर दिसली. मी चांगली घातली आहे.’ मी गप्प बसले, पण त्या दिवसभर मला त्या शिवणीची लाज वाटत राहिली.

त्या गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत ते लुगडे सापडले. मी दंड उजेडात धरून पाहिला. टाके इतके बारीक आणि सारखे की बोट फिरवल्यावाचून जोड कळेना. तेव्हा वाटली ती लाज निराळी होती. वीस वर्षे एका घरात राहून मी हे त्यांच्याकडून शिकून घेतले नाही. शेवटी मला दंड घालायला शिकवला तो आपल्याच बुधवारच्या वर्गात, एका वयोवृद्ध शेजारणीने, माझ्या साध्या सुती पातळावर. पहिली शिवण वाकडी आली. त्यांनी ती उसवायला लावली.

म्हणून सभेतल्या त्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: लोक म्हणतील ते म्हणू देत, पण त्यांनी आत येऊन शिवण पाहावी. इंग्लंडच्या बायकांनी सक्तीने शिवले ते सक्ती उठताच सोडून दिले. टंचाई नसताना, चार जणींच्या संगतीत, चांगले शिवल्याच्या समाधानासाठी आपण शिवले तर ते टिकेल असे मला वाटते. फक्त एक पथ्य पाळू या. हे काम केवळ सुनांच्या आणि सासवांच्या माथी मारायचे नाही. घरातील मुलगे आणि पुरुष ह्यांनीही बटण लावायला शिकावे. आपला वर्ग त्यांनाही खुला आहे.

पहिल्या दिवशी दोन पिशव्यांत पोलके लपवून आणणारी आपली भगिनी आता ते हातावर टाकून येते. तुम्हीही या. एक फाटका कपडा, सुई आणि जुळत्या रंगाचा दोरा घेऊन या. जुळता नसला तर न जुळता आणा. मशीन आणि चहा मंडळाकडे आहे.